चोख एक दशांश

यंदा पाणी लवकर उतरलं. परवा धाकट्या भावाचा पळसदेवहून फोन आला. कशी आहेस, पोरं काय करतात, काही नाही. सरळ म्हणाला, "आक्का, शिखर दिसाय लागलं." आमच्याकडं एवढं वाक्य पुरतं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं ते गेलंच, पण त्या गावाचं देऊळ उन्हाळ्यात हजेरी लावायला वर येतं. आधी शिखराचं टोक, त्यावर एक बगळा. मग खालची नक्षी, शेवाळलेली. पाणी फारच आटलं तर कमानी आणि पायऱ्या. आणि सगळीकडं तो वास. उघड्या पडलेल्या गाळाचा, वाळलेल्या शिंपल्यांचा, मासे सुकवल्याचा. हा वास फोनवरून येत नाही म्हणतात. मला आला.

लोक आता त्या देवळाचे फोटो काढायला येतात. त्यांना काय आठवतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला शिखर दिसलं की परीक्षा आठवते. प्रॅक्टिकल, जर्नल, गाईडची सही. पाणी उतरायचा आणि परीक्षेचा मोसम आमच्याकडं एकच. गावातल्या बाकीच्या पोरी त्या दिवसांत उघड्या पडलेल्या गाळपेरात कलिंगडाच्या वेलांना आळी करायच्या, आणि मी पाण्याकडं पाठ करून बारामतीच्या एसटीची वाट बघायचे. पाठ करून म्हणते खरी. त्या वर्षी मात्र मी पाण्याकडं तोंड करूनच परीक्षा दिली.

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक मग असतो. त्यावर छापलंय की शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन बरोबर शून्य पूर्णांक तीन, पुढं पंधरा शून्यं आणि शेवटी एक चार. संगणकाला दशांशाची बेरीज धड जमत नाही, हा विनोद आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. नवीन माणूस आला की त्याला मग दाखवतात, तो हसतो, आणि आपल्यातला होतो. मला दाखवला तेव्हा मी हसले नाही. "मॅडमना जोक कळला नाही," असं कुणीतरी हळूच म्हणालं. बाबांनो, मला तो तुमच्यातल्या काहींच्या जन्माआधी कळला होता. आमच्याकडं त्यापायी पाण्याची मोटार जळते.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. इंदापुरात बारावी करून मी बारामतीला कॉम्प्युटरच्या डिग्रीला लागले होते. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, जमीन केली. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. सकाळी हायवेवर उभं राहायचं, मिळेल त्या एसटीनं भिगवण, तिथून दुसरी एसटी बारामतीला. लॅबच्या दाराशी चपला काढायच्या. आत गारवा, निळे पडदे, प्रत्येक मशीनवर प्लॅस्टिकचं झाकण, नवरीच्या तोंडावरून पदर सारावा तसं ते सारायचं. त्या गारव्यात माझ्या पायांच्या भेगा सगळ्यांना दिसायच्या. दिसू देत. मी पाय आत ओढून घेत नसे.

जीभ मात्र आत ओढून घ्यायचे. पहिल्याच वर्षी वर्गात "सर, फ्लॉपी चालत न्हाय" म्हणाले आणि मागचा बाक आठवडाभर "न्हाय, न्हाय" करत राहिला. तेव्हापासून बोलायच्या आधी मनातल्या मनात शब्द बदलायची सवय लागली. हायचं आहे. न्हायचं नाही. व्हयचं होय. हितंचं इथे. तोंडातून बाहेर पडायच्या आत सगळं बदललेलं असायचं, ऐकणाऱ्याला पत्ता नाही. पुढं शेवटच्या वर्षी मॅक्रो म्हणजे काय, लिहिलेलं चालवायच्या आधीच गुपचूप बदलून टाकणारा तुकडा, हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला समजून घ्यायला क्षण लागला नाही. मी स्वतःच चालताबोलता मॅक्रो होते.

शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमात लिस्प नावाची भाषा होती. सगळी कामं फंक्शनांनी करायची आणि सगळं कंसात लिहायचं. कंसात कंस, त्यात कंस. पोरं वैतागायची, शेवटी सहा-सहा कंस बंद करताना हिशोब चुकायचा. मला ती भाषा पहिल्या दिवसापासून घरची वाटली. आमच्याकडं संध्याकाळी मेंढरं कोंडायला जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. उघडलेली वाघर बंद केल्याशिवाय कुणी भाकरीला बसत नाही. मी कंस तसे लावायचे. माझं एक मेंढरू कधी बाहेर राहिलं नाही.

प्रोजेक्टला बाकीच्यांनी लायब्ररी घेतली, कुणी पगारपत्रक. दरवर्षीचीच, आधीच्या बॅचच्या फ्लॉपीवरून आलेली. मी पाणी घेतलं. आमची मोटार पाण्याच्या काठाला असते. पाणी उतरेल तसा तिचा पाइप पुढं न्यावा लागतो. पाइपाच्या तळाला फूटवॉल असतो, झडपेची जाळी म्हणा. तो उघडा पडला की मोटार पाण्याऐवजी हवा ओढते, तापते आणि जळते. आदल्या दोन उन्हाळ्यांत आमची दोनदा जळली होती. दुसऱ्या खेपेला नवी वाइंडिंग होईपर्यंत ऊस होरपळला. तेव्हा म्हटलं, मशीनला विचारू. रोज पाणी किती उतरतं ते सांगायचं आणि फूटवॉलच्या वरचं एक मीटर पाणी कधी संपेल ते त्यानं सांगायचं. कालवे सुटले की आमच्याकडं पाणी दिवसाला एक दशांश मीटर उतरतं, म्हणजे चार बोटं आणि वर थोडं. दहा दिवसांत मीटर. चौथीच्या पोरीचं गणित.

प्रोग्रॅम लिहिला. शून्यापासून सुरू कर, रोज शून्य पूर्णांक एक मिळव, बेरीज एकाच्या बरोबर झाली की थांब आणि दिवस सांग. चालू केला. थांबेना. आकडे वर वर पळत राहिले, एक गेला, दहा गेले, शंभर गेले. धरणाचा तळ फोडून पाणी पाताळात चाललं होतं आणि माझ्या मशीनच्या मते मोटार हलवायची वेळ काही येत नव्हती. शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि एकेक दिवस छापून बघितला. तिसऱ्या दिवशीच आकड्याच्या शेपटाला एक चार उगवलेला. आठव्या दिवशी आठाच्या जागी सात आणि पुढं नुसते नऊ. दहाव्या दिवशी शून्य पूर्णांक, आणि नऊ नऊ नऊ, ओळीनं सोळा. एक आलाच नव्हता. मशीन बरोबरीची वाट बघत एकाच्या शेजारून निघून गेलं होतं.

आमचे गाईड सर माणूस वाईट नव्हते. एका लॅबमध्ये साठ पोरं आणि साठ जर्नलं घेऊन बसलेला माणूस आणखी काय करणार. म्हणाले, सोळा नऊ म्हणजे एकच की, छापताना राउंड कर. मी म्हटलं, सर, छापायचं नाही, थांबायचंय. मग बरोबरच्या जागी 'मोठा किंवा बरोबर' घाल म्हणाले. घातलं. मशीन थांबलं, पण अकराव्या दिवशी. दहाव्या दिवशीचा एक अजून एक झालेला नव्हता ना. सर म्हणाले, बघ, आलं उत्तर. मी बघत राहिले. एक दिवस उशिरा आलेलं उत्तर हे उत्तर नव्हे, हे त्यांना कसं सांगायचं ते मला त्यांच्या भाषेत सापडेना आणि माझ्या भाषेत बोलायची मला चोरी.

त्याच आठवड्यात थोरले चुलते, तात्या, घरी येऊन बसले. डाळजचं स्थळ आलं होतं. तात्यांचं म्हणणं साधं होतं: पोरगी पास झाली तर पुढचं तिचं ती बघेल, एक विषय जरी राहिला तर परत फॉर्म भरायचा नाही, डाळजकरांना होकार द्यायचा.  आबा तात्यांपुढं बोलत नसत. पण तात्या गेल्यावर मला म्हणाले, "चल, पाण्यावर जाऊन यिऊ."

ती दुपार मला आजही अंगावर घेता येते. ऊन कलतं होतं. गाळाला पडलेल्या भेगांवरून चालताना तळपायाखाली कड मोडायची. काठाला आबांनी एक वेळूची काठी रोवलेली, तिच्यावर विळ्यानं पाडलेल्या खुणा. पाणी किती उतरलं ते ते त्या काठीवर बघत. माझी फूटपट्टी घेऊन मी बघायला गेले तर त्यांच्या खुणा, मधली एक सोडली तर, माझ्या एकाही खुणेवर बसेनात. मी म्हटलं, आबा, ह्या कशाच्या खुणा? त्यांनी कनवटीची अंबाडीची दोरी काढली. काठीएवढी धरली, दुमडली. म्हणाले, अर्धी. पुन्हा दुमडली. पाव. पुन्हा. अदपाव. पुन्हा. छटाक. शाळेत न गेलेला माझा बाप दोरी दुमडत होता आणि मी उभी होते ती एकदम खाली बसले.

"आबा, हिचे दहा भाग करा की."

त्यांनी दोरी हातात फिरवली, दुमडली, सोडली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दुमडून दहा न्हाय हुत. कितीबी दुमड, जवळ जातंय, पर दहावा न्हाय सापडत."

मशीन दुमडतं. बस, एवढंच होतं ते. पुस्तकात चार पानं होती त्यावर, दोनाच्या घातांची, मला पाठ होती आणि कळलेली नव्हती. मशीनला अर्धा चोख कळतो, पाव कळतो, पाऊण, सव्वा, दीड, अडीच कळतात. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक, सगळे मशीनला पुरेपूर कळतात. जी पावकी-निमकी आमच्या म्हाताऱ्यांनी तोंडानं घोकली आणि जिला नंतरच्या शाळेनं अडाण्यांचं गणित म्हणून फळ्यावरून पुसलं, ती ह्या परदेशी मशीनच्या पोटात जशीच्या तशी बसलेली. त्याला येत नाही तो सरकारी दशांश. निळ्या पडद्यांच्या त्या लॅबमध्ये माझ्या बापाचंच गणित गारव्यात बसलं होतं, आणि मी उगाच तिथं पाय पुसून जात होते.

पण मला दशांशच पाहिजे होता. पाटबंधारे खात्याच्या खांबावरच्या खुणा दशांशाच्या आणि पाण्याचा रोजचा आकडा दशांशाचा. मी आबांना म्हटलं, मग दहावा मोजायचा कसा? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"मेंढरू कोन तोडून मोजतंय? कळपाचं दहा भाग न्हाय करत आपुन. दहा मेंढरं मोजायची, मग त्याला कळप म्हनायचं. तुजा एक न्हाय तोडायचा बाय. तुजा दहावाच धर एक."

आजोबा मेंढरं विसांनी मोजत, तीन इसा, पाच इसा. अर्धं मेंढरू त्यांच्या मोजणीत कधी आलं नाही. पूर्ण आकडे मोजायचे आणि शेवटी नाव बदलायचं. नंतर मला कळलं की मोठमोठ्या यंत्रणा दशांश चोख ठेवायला हेच करतात. त्यांनी ते आबांना विचारून केलं नसेल. पण आबांनी त्यांना विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी जे लिहायला घेतलं त्याला मी नाव दिलं चोख. रोमनमध्ये, कारण मशीनला तेवढंच लिहिता यायचं. ते फंक्शन नव्हतं, मॅक्रो होता. फरक सांगते, कारण सगळं भांडण तिथंच झालं. फंक्शन म्हणजे जेवायला आलेला पाहुणा. त्याच्यापुढं ताट वाढून येतं, खारट झालं असेल तर खारट खायचं. शून्य पूर्णांक एक त्याच्या हातात पडतो तोवर मशीननं तो दुमडून बिघडवलेला असतो. मॅक्रो म्हणजे परातीपाशी उभी असलेली घरची बाई. पीठ मळायच्या आधी तिचा हात पोचतो. मी दशांशात टिंब द्यायचंच बंद केलं. टिंब दिसलं की मशीन झडप घालून त्याचा आपल्या पद्धतीचा आकडा करायचं. मी टिंबाच्या जागी पूर्णांकातला पी लिहिला. शून्य पी एक. मशीनला वाटायचं हे कुणाचंतरी नाव आहे, ते हात लावायचं नाही. मग चोखच्या कंसात जे काही असेल ते मॅक्रो आधी उचलायचा, पीच्या पुढचे आकडे मोजायचा, सगळ्याची पूर्ण मेंढरं करायचा, बेरीज-वजाबाकी-गुणाकाराच्या चिन्हांना त्या मेंढरांवर लावायचा, आणि उत्तराला शेवटी पी परत द्यायचा.

चिन्हं मी तीच ठेवली. अधिकाला अधिक, उण्याला उणे, कंसात पाहिजे तेवढे कंस. सर म्हणाले, असा द्राविडी प्राणायाम कशाला, दशांशाच्या बेरजेसाठी वेगळ्या नावाचं फंक्शन लिही आणि दशांश तिथं पाठव. मला ते पसंत नव्हतं. खऱ्या बेरजेला मागच्या दारानं घ्यायचं, वेगळं नाव चिकटवायचं, आणि अधिकाच्या चिन्हावर जवळजवळ बेरीज करणारा बसवून ठेवायचा? चूक त्याची आणि नाव आम्ही बदलायचं? असलं मी शाळेपासून बघत आले होते. चिन्ह आमचंही आहे. मी अधिक म्हटलं की अधिकच झालं पाहिजे.

हे सगळं मी सरांना बोलले नाही. बोलले ते इतकंच, की काढणार नाही.

सरांनी जर्नल मिटून बाजूला ठेवलं. बाहेरून परीक्षक येणार, त्यांना हे काही कळणार नाही, अभ्यासक्रमात नाही, उगाच फाटे फुटतील, मार्क जातील. त्यांचं खरंही होतं. सहीशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि बसले नाही तर विषय राहिला, आणि विषय राहिला तर डाळज. मी तीन दिवस रोज त्यांच्या टेबलापुढं जर्नल घेऊन उभी राहिले. रडले नाही, विनवण्या केल्या नाहीत. नुसती उभी राहिले, खांबासारखी. तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "पहिल्या पानावर लिहून दे. हा भाग मी माझ्या जबाबदारीवर केला आहे, गाईडचा संबंध नाही. आणि खाली सही कर."

त्यांना वाटलं असेल, घाबरेल. मी तिथंच उभ्यानं लिहिलं आणि सही केली. आयुष्यात त्याआधी माझ्या जबाबदारीवर म्हणून काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते पान मी जपून ठेवलं आहे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पाणी काठीच्या नवव्या खुणेवर होतं. आबांच्या वेळूवर दुसऱ्या अंगानं मी दशांशाच्या खुणा पाडल्या होत्या, लाल तेलरंगानं. दोन्ही गणितं एकाच काठीवर. एसटीच्या मागच्या सीटवर जर्नल मांडीवर घेऊन बसले आणि भिगवण येईपर्यंत मनात तेच: आज नऊ. आज नऊ.

परीक्षक एक मॅडम होत्या, पुण्याच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि जबाबदारीची ओळ वाचली. सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, साधा प्रोग्रॅम आधी चालव. चालवला. तो पळत सुटला. एक गेला, दहा गेले. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि हातानं पुरे अशी खूण केली. मग चोखचा चालवला. दहा आकडे, एकाखाली एक, शून्य पी एकपासून एक पी शून्यपर्यंत, आणि थांबला. 

"हे चोख म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

माझ्या आधी सर म्हणाले, "अचूक, मॅडम. अचूक म्हणायचंय तिला."

आणि इथं माझा तो मॅक्रो चाललाच नाही. तीन वर्षं बिनचूक चाललेला. शब्द आला तसा बाहेर पडला.

"न्हाय सर."

मागच्या मशीनवर कुणीतरी खुसखुसलं. मी ऐकलं, आणि ठरवलं की आता परत फिरायचं नाही. म्हणाले, "अचूक म्हंजी नेम चुकला न्हाय. चोख म्हंजी भेसळ न्हाय."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. विचारलं, मोठा किंवा बरोबर लावलं असतं तर काम झालं नसतं का. मी म्हटलं, अकरावा दिवस येतो. त्या म्हणाल्या, एका दिवसानं असं काय होतं?

"दहाव्या दिवशी फूटवॉल उघडा पडतोय, मॅडम. अकराव्याला मोटार हवा वढती आन् जळती."

"तू बघितलंस?"

"दोनदा. दुसऱ्या खेपंला बटन मीच दाबलं हुतं."

हे मी घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. आबा तेव्हा बाजारला गेले होते, पाणी किती आहे ते न बघता मी मोटार चालू केली होती, आणि जळाल्यावर सगळ्यांनी ती आपोआप जळाली असं धरलं होतं. एका दिवसानं काय होतं हे मला पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं.

 मग मॅडमनी गुणाकार विचारला, तो जमला. शेवटी म्हणाल्या, एकाला तीननं भाग. सर खाली बघायला लागले. मी कंस लिहिला आणि चालवलं. पडद्यावर रोमनमध्ये आलं: भाग जात न्हाय. आमच्या गावच्या बोलीत. हे मी लिहून विसरूनच गेले होते.

"म्हणजे भागाकार तुला जमला नाही," मॅडम म्हणाल्या.

"जिथं चोख जातो तिथं करतंय, मॅडम. जिथं जात न्हाय तिथं न्हाय म्हनतंय. खोटं न्हाय सांगत."

त्यांनी काहीतरी लिहिलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, ये आता.

घरी पोचले तेव्हा आबा गोठ्यापाशी होते. पेपर कसा गेला हे त्यांना विचारायची सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "तुजं मशीन काय म्हनतंय?"

"उद्या म्हनतंय."

"काठीबी उद्याच म्हनतीया," ते म्हणाले आणि वैरण टाकायला लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं पाण्यावर गेलो. पाणी माझ्या लाल दहाव्या खुणेला टेकलं होतं. वर नाही, खाली नाही. आबांच्या अंगानं तिथं काठी संपत होती, एक पूर्ण. आबांनी धोतराचा सोगा खोचला, मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, आणि आम्ही पाइप उचलला. गाळ पोटऱ्यांपर्यंत. फूटवॉल निघताना गाळानं सोडला तेव्हा जो आवाज झाला, तो मला माझ्या निकालासारखा वाटला. मोटार त्या उन्हाळ्यात जळली नाही. परत कधीच जळली नाही असं मी म्हणणार नाही, कारण जळली, पुढं एकदा, विजेच्या दाबानं. पण आमच्या मोजण्यानं नाही.

निकाल लागला. सगळे विषय सुटले होते. तात्या शब्दाचे पक्के, डाळजचं नाव त्यांनी परत काढलं नाही. डाळजकरांनीही वाट बघितली नाही, त्यांचंही बरं झालं असणार. प्रोजेक्टला मला शंभरात एकोणसाठ पडले. फर्स्ट क्लास साठाला. लायब्ररीच्या जुन्या फ्लॉपीवाल्यांना सत्तर, बहात्तर. सर भेटले तेव्हा खरंच हळहळले. म्हणाले, भागाकारानं खाल्ला तो एक मार्क, मी सांगत होतो. मग जवळ येऊन म्हणाले, "बाहेर सांगताना साठच सांग. जवळजवळ साठच आहेत. कोण बघतंय?"

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत फॉर्मवर तो रकाना आला तेव्हा माझं पेन थांबलं, हे कबूल करते. तेवढ्यापुरतंच. मग मी लिहिलं, एकोणसाठ. त्यांनी नोकरी दिली नाही. दुसऱ्या जागी लिहिलं, एकोणसाठ. तिसऱ्या जागी दिली. ते मार्क मला कमी पडले असं माझं आजही म्हणणं आहे, आणि ते मी मोठ्यानं म्हणते. पण त्यांना साठ मी कधी म्हणणार नाही. मला एक मार्क कमी दिलात तो तुमचा हिशोब. मी तो माझ्या हातानं बिघडवणार नाही.

मगवाल्या मंडळींना मी एकदा विचारलं होतं, हसून झाल्यावर तुम्ही काय करता? म्हणाले, राउंड करतो, मॅडम, तेवढं चालतं. चालत असेल. कुणाला चालतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ज्याची मोटार काठाला नाही त्याला पुष्कळ काही चालतं.

आबा आता नाहीत. काठी आहे. भाऊ ती दरवर्षी रोवतो, लाल रंग त्यानं दोनदा नवा दिला. परवा फोनवर शिखराचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आता मोटार हलवायलाच आलीया. जवळजवळ दहावी खून लागली."

मी म्हटलं, "जवळजवळ म्हंजी किती?"

तो हसला. मग त्याच्या पायाखाली गाळाची कड मोडल्याचा आवाज आला, आणि म्हणाला, "थांब आक्का. काठी बघून सांगतो."